लाजर महाराज आणि पागेतलं थोरलं जातं

हुकूम तुमचाच होता, जहागीरदार हुजूर. नाकारू नका. कागदावर सही नव्हती, नुसती मोहोर होती, म्हणून आपण सुटलो असं तुम्हांला वाटत असेल. 'चार माणसं जमवून येशूचं भजन करील त्याचं बिऱ्हाड शिवेपार करावं' एवढं एक वाक्य तुम्ही लिहवलंत आणि लोडाला टेकून विडा चघळत बसलात. ते वाक्य कोणाच्या पाठीवर उमटलं, कोणाच्या बोटांवर उमटलं, ते बघायला तुम्ही आला नाहीत. तुमच्यासारखे कधीच येत नाहीत. मग आता बसल्या जागी ऐका. भाविकहो, तुम्हीही सरकून बसा आणि ऐका. कथेत मार आहे, रक्त आहे. तरीही कथा आनंदाची आहे, डोळे पुसायला पदर शोधू नका.

त्या वर्षी लाजर महाराज खडकगव्हाण गावी मुक्कामाला होते. जातीचे पाथरवट. खांद्यावर काळी घोंगडी, झोळीत टाकी आणि हातोडा. "जात्याला टाकीऽऽ" अशी आरोळी गल्लीत घुमली की बाया आपापली गुळगुळीत झालेली जाती ओट्यावर आणून ठेवत. महाराज दगडाला टाचे मारीत आणि मारता मारता येशूच्या ओव्या म्हणत. टाकी दगडात उतरे आणि ओवी काळजात. मोबदल्यात पसाभर धान्य मिळालं तर घेत, नाही मिळालं तर म्हणत, "राहू द्या माय, दळताना आमची आठवण काढा." रविवारी ओढ्याकाठच्या पळसपानांच्या छपराखाली दहापाच गोरगरीब जमत. ना घंटा, ना खुर्ची. तेच त्यांचं देऊळ!

त्या छपराखाली येणाऱ्यांत हौसाबाई होती, पण ती आत बसत नसे. बाहेर कुडाला टेकून, शेणाची पाटी शेजारी ठेवून ऐकायची. कोणी आलं की पाटी उचलून चालू लागायची. हौसा जहागिरीच्या घोड्यांची पागा झाडत असे. नवरा तापानं गेलेला, मागे पुढे कोणी नाही. झाडू हीच तिची भाकरी. एका पहाटे महाराजांच्या हातून ओढ्यात बाप्तिस्मा घेतला होता तिनं, पण ते महाराजांना ठाऊक आणि देवाला. तिसऱ्याला सांगायची छाती नव्हती. पागेतले घोडे राखणारे मोतद्दार तिला भागूबाईच म्हणत. घोड्यानं शेपटी हलवली तरी दचकायची. "हिचं काळीज सशाकडून उसनं आणलंय," असं म्हणून ते हसायचे, आणि हौसाही खाली बघून हसायची. गरिबाला दुसरं काय करता येतं?

एका रविवारी कारभाऱ्यांचे शिपाई छपरात घुसले.

कारभारी म्हणजे रंगराव मोकाशी. अंगापिंडानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. हुजुरांचा हुकूम चावडीवर डकवून त्यांना चारच दिवस झाले होते आणि तो कोणावर तरी चालवून बघायची त्यांना घाई झाली होती. महाराजांच्या हातांना दोराच्या काढण्या लावून पागेच्या अंगणात आणलं. वाटेत पाठीवर काय पडायचं ते पडलं. झोळी हिसकली तेव्हा महाराजांनी टाकी सोडली नाही, म्हणून एका शिपायानं त्यांचा उजवा पंजा नालाच्या जोड्याखाली रगडला. बोटं फुटली. महाराजांच्या तोंडून "येशू" एवढंच निघालं.

गाव गोळा झालं. रंगराव ओट्यावर उभे राहिले आणि गरजले, "ह्याच्या नादाला कोण कोण लागलंय? आताच सांगा."

रंगरावांची नजर फिरत फिरत कोपऱ्यात थांबली.

"तू गं हौशे? तू त्या छपराकडं जातेस म्हणतात."

हौसानं हातातला झाडू पुढं धरला. "न्हाई जी. म्या तिकडं शेण टाकाया जाते."

"ह्या बाबाला ओळखतेस?"

"न्हाई जी."

सगळे हसले. येशूला त्याच्याच चेल्यानं नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता, तसा इथं काही आरवला नाही. पण नेमका त्याच वेळी ठाणातला अबलख घोडा खिंकाळला. हौसानं मान वर केली. महाराज तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, तेवढ्यावर भागलं असतं. राग नव्हता. आई पडलेल्या लेकराकडे बघते तशी ती नजर होती. हौसानं मान खाली घातली.

हुकूम खरं तर लगेच शिवेपार करायचाच होता. पण रंगरावांना आधी गंमत हवी होती. पागेच्या अंगणात एक थोरलं जातं होतं, घोड्यांचा हरभरा भरडायचं. बैलगाडीच्या चाकाएवढा त्याचा पसारा. दोघी दणकट बाया समोरासमोर बसून, दोघींनी एकाच खुंट्याला हात घालून ओढावं तेव्हा कुठं ते फिरायचं. रंगरावांनी हरभऱ्याचं भरलेलं पोतं तिथं आणून टाकायला लावलं.

"तू जात्यांचा महाराज ना? मग बस जात्याशी. दिवस मावळायच्या आत पोतं भरडून झालं तर छप्पर राहील, छपराखालचे लोकही राहतील. नाही झालं, तर छपराला काडी आणि प्रत्येकाचं बिऱ्हाड शिवेपार!"

बाप्याला जात्याशी बसवलं! लोकांत खसखस पिकली. एक मोतद्दार ओरडला, "अरे, बांगड्या भरा म्हाराजांना!"

"भरा की," महाराज म्हणाले. "पण हात सुजलाय बाबा, जरा सैल बघा."

हसणाऱ्यांना पुढं कसं हसावं तेच कळेना.

"आमच्या धन्यानं चेल्यांचे पाय धुतले," महाराज जात्याशी मांडी घालत म्हणाले. "मला दळणाची कसली लाज?"

"लाज राहू दे. एकट्यानं ओढणार कसं? बोलाव की तुझ्या येशूला समोर!"

"बोलावलंय, कारभारी." महाराजांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि जात्याच्या पलीकडे, समोरच्या बाजूला, नीट चौपदरी अंथरली. पाहुण्याला अंथरावी तशी.

रंगरावांचा चेहरा लाल झाला. "ऐका रे सगळे! त्या बाजूला जो बसेल, जो खुंट्याला हात लावील, त्याचंही घरदार शिवेपार. मग तो कोणी असो."

"माणसांचं मला ठाऊक नाही," महाराज म्हणाले. "पण ज्याची जागा आहे त्याला एकदा वेशीबाहेर घालवून झालंय. तिथंच मारला त्याला. तरी परत आला तो."

रंगराव दोन शिपाई पहाऱ्याला ठेवून जेवायला निघून गेले. गर्दी पांगली. मार बघायला लोक थांबतात, दळण कोण बघत बसतो?

इथं रंगरावांची एक चूक झाली. पुरुष माणूस, त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. एकट्या हाताचं जातं लंगडतं. आपल्या बाजूचा फेर जोरात येतो, पलीकडचा अडखळतो. घर्र करून येतं आणि दम टाकून जातं. तो आवाज ऐकला की बाईला घरात बसवत नाही. एखादी सासुरवाशीण एकटी थोरलं जातं ओढतेय असं कानावर आलं, तर शेजारणीनं हातातलं काम टाकून जायचं आणि न विचारता समोर बसायचं, ही आपल्याकडची रीत. भांडण असलं तरी जायचं. असं जाते त्या शेजारणीला नको म्हणण्याची सोय नाही आणि तिचे आभार मानण्याचीही रीत नाही. रंगरावांनी साऱ्या गावातल्या बायकांच्या कानात लंगडं जातं सोडलं आणि आपण ताक पिऊन आडवे झाले!

महाराज डाव्या हातानं ओढत होते. उजव्या पंजातलं रक्त खुंट्यावर ओघळत होतं. त्यांनी ओवी सुरू केली:

*दळिता दळिता ग, हात माझा आंबला,*
*समोरच्या खुंट्याला, येशू माझा थांबला.*

हौसा झाडत होती. अंगण केव्हाच झाडून झालं होतं, तरी झाडत होती. जातं लंगडत होतं आणि प्रत्येक अडखळीबरोबर तिच्या बरगडीत कळ येत होती. 'शेजारीण असते तर गेले असते,' ती मनाशी म्हणाली. 'वैरीण असती तरी गेले असते. आणि ज्यानं मला पाण्यात धरलं त्याच्यासाठी जात न्हाई. धत् तुझ्या जिनगानीवर, हौशे!' पण पाय हलेनात. पाय हलले तर झोपडं जाणार, झाडू जाणार. जायचं कुठं?

दिवस डोक्यावर आला. आणि हौसाचा झाडू थांबला. आवाज बदलला होता. जातं लंगडायचं थांबलं होतं. घर्रर्र, घर्रर्र, सलग, गोल, दोन हातांचं चालतं तसं. 'कोणीतरी बसलं!' तिनं झटकन वळून पाहिलं. कोणी नव्हतं. महाराज एकटेच. डोळे मिटलेले, ओवी चाललेली. पहाऱ्याचे शिपाई भिंतीच्या सावलीत पेंगत होते.

ती झाडत झाडत जवळ गेली. जन्म धूळ झाडण्यात गेलेला. धूळ कुठं बसते आणि कुठं बसत नाही एवढं तिला कळत होतं. हरभऱ्याची पिवळी धूळ साऱ्या अंगणावर बसली होती. महाराजांच्या दाढीवर, जात्याच्या पाळीवर, घोंगडीच्या काठावर. पण घोंगडीच्या मधोमध ती बसलीच नव्हती. तिथं काळी लोकर स्वच्छ होती. पायरीएवढी जागा, पुढं दोन्हीकडं गुडघ्यांसारखी गोल. मांडी घातलेल्या माणसाखाली जेवढी जागा झाकते तेवढी, अगदी तशी. धूळ वरून येत होती आणि तिथं पोचण्याआधीच कशावर तरी अडत होती.

हौसा बघत राहिली. मग तिला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मान वर करून हसली.

म्हणजे जागा मोकळी नव्हतीच! सारं गाव ज्या जागेला भीत होतं तिथं आधीच कोणीतरी बसून दळत होतं, शिवेपार व्हायची तयारी ठेवून! मग हौसानं कशाला भ्यायचं?

तिनं झाडू भिंतीला टेकला. लुगड्याचा काष्टा आवळला.

"म्हाराज," ती म्हणाली, "जागा हाय का?"

महाराजांनी डोळे उघडले. साऱ्या मारानं जे पाणी आलं नव्हतं ते आता डोळ्यांत आलं. "ये बाई, बस. सरकून घेईल तो."

हौसा घोंगडीच्या कडेला बसली. स्वच्छ जागेला धक्का लागणार नाही अशा बेतानं. खुंट्याला हात घातला. महाराजांचं ओलं रक्त तिच्या तळव्याला लागलं. ते लागलं मात्र, आणि तिची भीती जी गेली ती गेलीच!

शिपाई खडबडून उठला. "ए भागूबाई! ऊठ तिथून! म्हाईत हाय का काय व्हईल ते?"

"व्हय. शिवेपार. तुला बोलवायला येऊ का सामान उचलाया?"

घोडीनं कीर्तन केलं असतं तरी शिपाई एवढा चकित झाला नसता. आणि हौसानं गायला सुरुवात केली. आवाज कसला? फुटक्या डब्यासारखा. पण काय तो खणखणीत!

*भ्याले मी भ्याले ग, भ्याले गावाच्या बोलाला,*
*भीती घातली जात्यात, पीठ चढलं मोलाला!*

हा आवाज पागेच्या भिंतीपलीकडे गेला. पलीकडे रंगरावांचंच परसदार. तिथं त्यांच्या आई अन्साबाई निवडायला बसल्या होत्या. सकाळपासून त्यांच्या कानात ते लंगडं जातं चाललं होतं आणि त्यांनी सूप चार वेळा खाली ठेवून चार वेळा उचललं होतं. लेकाचा हुकूम! म्हातारी जात होती दारापर्यंत आणि मागे फिरत होती. आता बाईचा आवाज ऐकला आणि त्या ताडकन उठल्या. परसदाराची कडी काढून पागेत आल्या.

"कोण गं ती? कोणी हात लावला माझ्या आधी?" जवळ येऊन बघतात तो हौसा. "तू? झाडणारी?"

"व्हय आईसाहेब."

अन्साबाईंनी पदर खोचला. "माझी अक्कल शेण खायला गेली होती," त्या म्हणाल्या. "ज्यानं माझ्या जात्याला टाकी लावली तो एकटा ओढतोय, आणि मी घरात बसून खडे वेचतेय! सरक."

"तिकडून बसा आईसाहेब. हितं... हितं कुनी बसलंय."

अन्साबाईंनी घोंगडीकडे पाहिलं. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसल्या आणि खुंटा धरला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "जातं सरळ कधी झालं गं? तू बसलीस तेव्हा?"

"न्हाई आईसाहेब. म्या बसायच्या आदी."

कारभाऱ्याची आई घोड्यांच्या जात्याशी बसली ही बातमी काय घरात राहते? कुंभारणी आल्या, कोष्ट्यांच्या सुना आल्या. ओढ्याकाठच्या छपरातले लोक सकाळपासून तुरीच्या रानात लपले होते, तेही आले, मान खाली घालून. महाराज त्यांना एवढंच म्हणाले, "उशीर नाही झाला. पोतं अजून अर्धं आहे." कोणी घास घालतंय, कोणी भरडा भरतंय, कोणी ओवी उचलतंय. एकीची ओवी संपायच्या आत दुसरीची! घोडे कान टवकारून बघत होते. शिपायांपैकी एकजण पोतं उचलून द्यायला लागला. त्याचीही आई त्यांत होती, काय करील बिचारा?

लग्नघरी नसेल एवढा गलबला ऐकून रंगराव धोतराचा सोगा सावरत धावत आले. दिवस अजून हातभर वर होता. पोतं रिकामं, उलटं करून झटकलेलं.

"आई! तू? घोड्यांच्या जात्यावर?"

"घोडे बरे, रंगा. हुकूम न वाचता खातात."

"हे लबाडीचं दळण आहे! सगळ्यांना शिवेपार करीन! सगळ्यांना!"

"कर की," अन्साबाई म्हणाल्या. "मला धरून कर. मग चावडीवर कारभार कुणावर करशील? खांबांवर?"

बाया फिसकन हसल्या. रंगरावांच्या अंगाची आग झाली. त्यांचं लक्ष घोंगडीकडे गेलं. एवढी माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि मध्ये एक जागा सोडून. तिथली स्वच्छ काळी लोकर त्यांनाही दिसली.

"हे काय सोंग? हौशे, झाड ते!"

"तुमीच झाडा जी," हौसा शांतपणे म्हणाली. "माझा झाडू तिकडं भिंतीला हाय."

आणि रंगरावांनी, भाविकहो, खरंच झाडू उचलला! जन्मात पहिल्यांदा. घोंगडी ओढली, झटकली, दोन्ही बाजूंनी बडवली, पुन्हा जागेवर अंथरली. "आता फिरवा! माझ्यासमोर फिरवा! बघतो कोण बसतो ते!"

पोत्याच्या शिवणीत अडकलेला मूठभर हरभरा महाराजांनी जात्यात घातला. बायांनी खुंट्यावरचे हात काढून घेतले. महाराजांनी फुटक्या बोटांचा उजवा हात तेवढा खुंट्यावर ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला.

थोरलं जातं फिरलं. घर्रर्र. सलग, गोल.

धूळ उडाली. उतरत्या उन्हात सोन्यासारखी दिसली. हळूहळू खाली आली आणि घोंगडीवर बसली. सगळीकडं बसली. मध्ये दोन गुडघे, एक मांडी, तेवढी जागा पुन्हा काळीभोर राहिली. पण ती आता मधोमध नव्हती. वीतभर बाजूला होती. आणि तिच्या शेजारी, रंगराव उभे होते त्या बाजूला, एका माणसापुरती जागा झाली होती.

कोणीतरी सरकून बसलं होतं.

हौसाला आधी कळलं. ती पुटपुटली, "कारभारी, तुमच्यासाटी सरकलाय त्यो."

रंगरावांच्या हातातून झाडू गळून पडला. सरकून दिलेल्या जागेवर ते मटकन बसले, खुंट्याला हात घातला, आणि महाराजांच्या रक्तानं त्यांचाही तळवा भरला. त्यांचं कपाळ जात्याच्या पाळीवर टेकलं. लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले. "महाराज, चुकलो. मला क्षमा करा."

"क्षमा त्याला मागा," महाराज म्हणाले. "लांब जायला नको, शेजारीच आहे. आणि डोकं उचला आता. पोतं संपलंय, जात्यात घालायला डोक्याशिवाय काही उरलेलं नाही."

अंगणात असा हशा पिकला की ठाणातले घोडे खिंकाळले. रंगरावही रडता रडता हसले. मग उठून हौसाकडे वळले, आणि ज्या बाईला त्यांनी सकाळी गावासमोर विचारलं होतं तिच्यापुढं गावासमोरच त्यांनी हात जोडले.

"बाई, सकाळी विचारलं ते पुन्हा विचारतो. ह्यांना ओळखतेस?"

"व्हय जी," हौसा म्हणाली. "ह्यांनला बी, आन् त्यांनला बी." आणि तिनं घोंगडीकडे बोट केलं.

त्याच संध्याकाळी रंगरावांनी आपल्या हातानं चावडीवरचा तो कागद फाडला आणि भरड्यात कालवून अबलख घोड्यापुढं ठेवला. घोड्यानं भरडा खाल्ला. कागद चाटून बाहेर काढला आणि तोंड फिरवलं. पुढच्या रविवारी ओढ्याकाठच्या छपराखाली माणसं मावेनात. हौसाबाई आत बसली, अगदी पुढं. शेणाची पाटी मात्र सवयीनं बरोबर आणली होती, म्हणून सगळे हसले. ती सगळ्यांत जास्त हसली.

आता तुमच्याकडे वळायचं, हुजूर. तुम्ही एका म्हाताऱ्याची बोटं फोडलीत, की बाकीचे भितील. फुटलेल्या बोटांतून रक्त आलं, ते एकीच्या तळव्याला लागलं आणि ती भ्यायची थांबली. तिचा आवाज दुसरीनं ऐकला. तिला बघून तिसरी आली. शेवटी तुमचाच कारभारी त्या जागेवर येऊन बसला. आज तुमच्या गादीवर दुसरे कोणी बसलेत आणि हुकूम पुन्हा निघताहेत, मोहोर तीच, सही नाही. मग उत्तर द्या. आडपडदा नको, कारकुनाकडून नको, स्वतः उभे राहून द्या: त्या घोंगडीवर जो बसला होता, त्याला तुम्ही कोणत्या शिवेपार घालवणार होता?